वाफसा आणि वेळ



आपल्या श्रीपूरच्या शिवारात पाऊस पडला म्हणून कोणी लगेच पाभर धरत नाही; वाफशाची वाट पाहतो. बी उत्तम असले तरी वेळ चुकली की ते उगवत नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातही असेच असते. विषय संकोचाचा आहे खरा. पण या संकोचापायीच कित्येक जोडप्यांची उमेदीची वर्षे वाया जातात.

प्रयोगशाळेत स्त्रीबीज फळले की तिसऱ्या दिवशी भ्रूण साधारण ६ ते ८ पेशींचा होतो. पाचव्या दिवशी तो ब्लास्टोसिस्ट या अवस्थेला पोहोचतो. गर्भाशयाचे अस्तर मात्र महिन्यातून मोजकेच दिवस त्याला रुजू देते. पाचव्या दिवसापर्यंत थांबले तर सशक्त भ्रूण निवडता येतो. भ्रूण थोडेच असतील तर डॉक्टर तिसऱ्या दिवशीही ते गर्भाशयात सोडतात. अस्तर तयार नसेल, तर भ्रूण गोठवून पुढच्या योग्य वेळेपर्यंत ठेवतात.

ही गोठवण्याची युक्ती आपल्याच देशातील कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी वापरली. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी त्या उपचाराने मुलगी जन्मली. पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी मुलगी जन्मली आणि देशातील पहिलेपणाचा मान त्यांना मिळाला. त्याच आनंद कुमारांनी १९९७ मध्ये मुखर्जींच्या नोंदी वाचल्या आणि तो मान मुखर्जींचा आहे, असे जाहीरपणे सांगितले. विद्यार्थ्यांनो, विद्या अशी प्रामाणिक हवी.

पालकांनो, वेळ साधली तरी यश हमखास नसते. पण वय वाढले की आशा कमी होत जाते. लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करूनही मूल राहिले नाही, तर पतिपत्नी दोघांनीही तपासून घ्यावे. पत्नी पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच. दोष पुरुषातही असतो, आणि त्याची पहिली तपासणी तर अगदी सोपी. २०२१ च्या कायद्याप्रमाणे केंद्र नोंदणीकृत आहे ना, हेही विचारावे.

सुनेला बोल लावण्यात गेलेले वर्ष कोणताही डॉक्टर परत आणून देऊ शकत नाही. एवढे ध्यानात ठेवाल, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.