रकान्याबाहेरचे काम

श्रोतेहो, वर्गात शिकविणारा शिक्षक एकाच तासात किती कामे करीत असतो, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. तो पाठाची तयारी करून येतो, विषय समजावून सांगतो, शेवटच्या बाकावरील मुलाला काही उमगलेले नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून ताडतो, आणि अखेरीस प्रश्न विचारून आपल्याच शिकविण्याची परीक्षा घेतो. ही कामे त्याच्या अंगी इतकी मुरलेली असतात, की ती निरनिराळी आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ई-शिक्षणाने ती एकमेकांपासून सुटी केली आहेत.

ही फोड एका दिवसात झालेली नाही. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, उपग्रहाच्या साह्याने, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत शाळकरी मुलांसाठीही पाठ असत. शिकविणारा आवाज आणि मुलांजवळचे गुरुजी हे तेव्हाच दोन झाले. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात पाठ्यघटक एकाने लिहावयाचा, दुसऱ्याने संपादित करावयाचा आणि अभ्यासकेंद्रावरील समंत्रकाने विद्यार्थ्याच्या शंका फेडावयाच्या, अशी व्यवस्था रूढ झाली. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ने याच्याही पुढे मजल मारली. तेथील अभ्यासक्रमात चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी व चर्चा अशी चार अंगे असतात.

या प्रत्येक अंगाला निराळे कौशल्य लागते. तासभर ओघाने बोलणाऱ्या प्राध्यापकाला आता एकच कल्पना थोडक्या मिनिटांत, तीही समोर एकही चेहरा नसताना, मांडावी लागते. चाचणीतील चुकीचे पर्यायही असे योजावे लागतात, की विद्यार्थ्याचा घोटाळा नेमका कोठे झाला ते कळावे. ग्रंथपालाला पुस्तकांच्या कपाटांबरोबर स्वामित्वहक्काचे नियमही सांभाळावे लागतात. कालपर्यंत कोपऱ्यात बसणारा तंत्रज्ञ आज पाठाच्या आखणीत भागीदार झाला आहे.

येथवर सारे ठीक आहे. परंतु या वाटणीत एक काम कोणाच्याच नावे लागले नाही. २०२० साली महामारीने शाळा बंद पडल्या, तेव्हा आमच्या कचेरीत रोज तक्ते येत: किती पाठ पाठविले, किती मुलांना पोहोचले. एका खेड्यातील शिक्षिकेने मला दूरध्वनीवर विचारले, “साहेब, पाठ मी सकाळीच पाठवते. पण घरात मोबाइल एकच, तो वडिलांबरोबर कामावर जातो. म्हणून सायंकाळी सात ते दहा मी एकेका मुलाशी बोलते. हे तीन तास कोणत्या रकान्यात लिहू?” तसा रकाना नव्हता. आणि तो तक्ता मीच तयार केला होता.

त्या बाईंचे ते तीन तास म्हणजेच शिक्षण होते, असे आज मला वाटते. उत्तम व्याख्यान एकदा चित्रित झाले, की लाखोंना पुरते; परंतु गप्प बसलेल्या मुलाला बोलते करणे प्रत्येक मुलासाठी नव्याने करावे लागते. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा ‘निष्ठा’ हा उपक्रम ऑक्टोबर २०२० मध्ये ‘दीक्षा’ या मंचावर आला व शिक्षक स्वतः पडद्यापुढचे विद्यार्थी झाले, हे एका अर्थी बरेच झाले. पडद्यापुढे मन कसे भरकटते, याचा अनुभव त्यांना स्वतःलाच आला. परंतु उपकरण हाताळण्याचे शिक्षण दिले म्हणजे आमचे कर्तव्य संपत नाही. पाठ बनविण्यास लागणारे तास आणि मुलांच्या मागे राहण्यात जाणारे तास हे दोन्ही कामाच्या मोजमापात आले पाहिजेत. त्यांची नोंद होत नाही, तोवर नवे काम जुन्या कामाच्या बोकांडी बसते, आणि जे दिसत नाही तेच आधी सुटते.

श्रोतेहो, या क्षणी मी ध्वनिक्षेपकापुढे बोलत आहे. आपल्यापैकी कोणाला माझे बोलणे पटले, कोणाला कंटाळा आला, हे मला येथून दिसत नाही. माझे एका भाषणापुरते निभावून जाईल. शिकणाऱ्या मुलाचे तसे निभावत नाही. त्याच्याकडे पाहणारे कोणीतरी हवे, आणि ते पाहणे हेही काम आहे, हे आम्ही कचेरीतल्या माणसांनी मान्य करावयास हवे.