आरामखुर्ची कोणासाठी?



माधव नगरातील जुन्या मराठी घरांपैकी काहींच्या ओसरीवर वेताने विणलेली, लांब हातांची आरामखुर्ची अजून असेल. काहींची केव्हाच मोडीत गेली असेल. आज तिच्याविषयी बोलावयाचे आहे. पण आरंभ दूरदेशीच्या एका खुर्चीपासून करू.

१९५६ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने रचलेली आरामखुर्ची हर्मन मिलर कंपनीने बाजारात आणली. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून वाकविलेली तीन कवचे, त्यांवर चामड्याच्या गाद्या आणि पाय ठेवावयास वेगळी बैठक, अशी तिची रचना. लाकूड असे वाकविण्याचा हात त्यांनी दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी नौदलातील जखमींच्या पायांना बांधावयाचे आधार तयार करताना बसविला होता. ही खुर्ची आजही तयार होते. मात्र ती सामान्य गृहस्थाला परवडणारी नव्हे.

याच दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडून १९५८ साली एक अहवाल दिला. १९६१ साली अहमदाबादेत स्थापन झालेल्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेचे मूळ त्या अहवालात आहे. त्यात त्यांनी मनापासून गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा! तो कोण उचलतो, डोक्यावर नेतो की कमरेवर, भरल्यावर तोल कसा राहतो, घासावयास हात आत जातो का, असे प्रश्न त्यांनी त्या लोट्याला विचारले.

तेच प्रश्न आपल्या आरामखुर्चीला विचारून पाहा. माळव्याच्या उन्हाळ्यात वेताच्या जाळीतून वारा खेळतो. वेत तुटला तर नवा विणून घेता येतो; सागवानी सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. चंदीगढच्या कचेऱ्यांतील प्येर जाँनरे यांच्या सागवान-वेताच्या खुर्च्या भंगार म्हणून निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखो रुपयांना गेल्या, हे आपण पाहिलेच आहे.

परंतु एका प्रश्नावर आपली खुर्ची अडते. तीवर बसे कोण? घरातील कर्ता पुरुष. दिवसभर चुलीपाशी राबलेल्या स्त्रीच्या वाट्याला पाट नाही तर उंबरठा. तिने पाय पसरून आरामखुर्चीत टेकावे, हे घराला रुचत नसे. पश्चिमेतही फार निराळे नव्हते. रे ईम्स यांच्या कामाचे श्रेय कित्येक वर्षे एकट्या पतीच्या नावावर जमा होत राहिले.

वस्तू उत्तम असून भागत नाही. तिचा उपभोग कोणाला मिळतो, हेही पाहावे लागते. म्हणून माळ्यावरची आरामखुर्ची भंगारवाल्याला देण्याआधी तिचा वेत नवा करून घ्या. आणि मग, घरात ज्या व्यक्तीची पाठ सर्वांत अधिक दुखते, तिला तीवर प्रथम बसवा.