एक डाव दोन शाळांचा

(नगर येथे शिक्षक आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी शिक्षक नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. दोन वेगळ्या सिस्टिम एकमेकींशी बोलत्या करणं हे माझं रोजचं काम. आजही एका जोडणीविषयीच बोलणार आहे.

आपल्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा आहेत, तशा उर्दू शाळाही आहेत. काही ठिकाणी दोन्हींच्या मध्ये फक्त एक भिंत असते. पण मुलं एकत्र खेळत नाहीत. कुणी मनाई केलेली नसते, तशी वेळच येत नाही. मग पंधरा-सोळाव्या वर्षी ओळख होते ती मोबाईलवर आलेल्या भडक पोस्टमधून. मे 2023 मध्ये आपल्याच शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली. ज्यांनी एकमेकांबरोबर कधी डाव मांडला नाही, त्यांना एकमेकांविषयी काहीही पटवून देता येतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार-पाच मित्रांनी, शिक्षकांच्या मदतीने, अशा दोन शेजारी शाळांचा एक शनिवार खेळात घालवला. एकतेची शपथ नाही, बॅनर नाही. विटी-दांडू, लगोरी आणि सागरगोटे, एवढंच. पहिला अर्धा तास भांडणात गेला. एकांची विटी, दुसऱ्यांची गिल्ली, यावर कुणी अडलं नाही. भांडण नियमांचं होतं. लगोरीत चेंडू झेलला तर एक गडी बाद की सगळा संघ बाद? एक गुरुजी मध्ये पडायला निघाले, त्यांना आम्ही थांबवलं. थोड्या वेळाने मुलांनीच तोडगा काढला: एक डाव तुमच्या नियमाने, एक आमच्या. आमच्या ऑफिसात एवढ्यासाठी चार मीटिंगा होतात!

एक पथ्य मात्र पाळलं. संघ शाळेप्रमाणे पाडले नाहीत, चिठ्ठ्या टाकून पाडले. शाळाविरुद्ध शाळा असा सामना लावला, तर मधली भिंत आणखी उंच होते.

हे खेळ नक्की कुणाचे? आपले आजोबा विटी मारून ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असं मोजायचे. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आपण बुद्धिबळात ‘शह’ देतो आणि संकटावर ‘मात’ करतो, ते दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आले. खुद्द हा खेळ भारतातून चतुरंग म्हणून निघाला, इराणात आणि अरबांकडे शतरंज झाला आणि पुढे युरोपात पोचला. सागरगोटा म्हणजे एका काटेरी वेलीचं बी. ते समुद्रावर तरंगत दूरदूर जातं. गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर नेलेल्या आफ्रिकी लोकांनी आपला खड्ड्यांत बिया टाकण्याचा खेळ तिथे जपला, तो याच बियांनी. हे सगळं मुलांना खेळ झाल्यावर सांगा. आधी सांगितलं तर तो तास होतो.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्याला माहीत आहेत. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा देशांतल्या मुलांना इंटरनेटवरून एकमेकांशी जोडण्याचा उपक्रम त्यांनी चालवला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून सीमेपलीकडे पोचता येतं, तर भिंतीपलीकडे का नाही? इथे तर नेटवर्कही लागत नाही.

एका शनिवाराने मनं बदलली, असा माझा दावा नाही. एवढंच झालं की निघताना मुलं एकमेकांना नावाने हाका मारत होती. ते टिकवायचं तर सातत्य हवं.

म्हणून तीन विनंत्या. ‘आनंददायी शनिवार’ आहेच. महिन्यातला एक शनिवार दोन्ही शाळांनी मिळून खेळावा, केंद्रप्रमुखांनी त्याचं वेळापत्रक लावावं. सागरगोटे शिकवायला दोन्ही मोहल्ल्यांतल्या आज्यांना आणि नानींना बोलवावं, म्हणजे घरंही जोडली जातील. आणि पालकांनो, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

सामान काय लागेल? एक दांडू, एक विटी, एक चेंडू आणि सात चपटे दगड. तेवढं आपल्या प्रत्येक गावात आहे.