पट किती, शिक्षक किती?

लातूर-नांदेड शहरात शाळेचा वर्ग बरेचदा भरगच्च असतो. किनवट-माहूरकडच्या तांड्यावर मात्र शाळेचा पटच लहान. म्हणून तिथं प्रत्येक लेकराकडं जास्त लक्ष जातं, असं नाही. इयत्ता चार आणि शिक्षक दोन. एक बैठकीला गेले की दुसऱ्यांनी चारही वर्ग सांभाळायचे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला 60 लेकरांपर्यंत दोन शिक्षक ठरवलेत, 61 ते 90 ला तीन. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया असतात. तेव्हा नुसती सही करून उठू नका. विचारा : पट किती, शिक्षक किती, आज हजर किती? बचत गटाचा हिशोब आपण चोख ठेवतो, तसा शाळेचाही ठेवू.