संघटनेचा मोबाईल आणि गावची वही

(शिरूर-दौंड तालुक्यांच्या कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



आज आंदोलनाचा कार्यक्रम सांगायला उभा नाही. संघटनेने मोबाईल कसा वापरायचा, एवढेच बोलायचे आहे. काहींना हे शहरी चोचले वाटतील. पण 2025 च्या हंगामात सीसीआयने हमीभावाने कापूस घालण्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सक्तीची केली. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, आणि बाजारात दर त्याच्या खाली. ज्याला ॲप भरता आले नाही, त्याचा हमीभाव कागदावरच राहिला. ई-पीक पाहणीही 2021 पासून अशीच आपल्या गळ्यात आली. सातबाऱ्यावर पेरा नीट लागला नाही की विमा, खरेदी, नुकसानभरपाई, जाल तिथे अडवणूक. इथे कापूसवाले थोडे, ज्वारीवाले फार. पण ही अडचण दोघांनाही सारखीच आहे.

ॲप भरून भाव वाढत नाही, हेही सांगून ठेवतो. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले, ते कुणा शेतकऱ्याला ॲपवर विचारून नव्हे. ती लढाई वेगळी आहे आणि ती रस्त्यावरच लढावी लागते.

नुसते यंत्र आणून काम होत नाही. 1998 साली कोल्हापूर-सांगलीकडे वारणा खोऱ्यात सुमारे 70 गावांसाठी संगणक केंद्रांचा मोठा प्रकल्प झाला. शेतीसल्ला, बाजारभाव, सरकारी माहिती, सगळे गावात मिळणार होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी पाहिले, तर संगणक मुख्यतः कारखाना आणि ऊस उत्पादक यांच्यातल्या हिशेबाला वापरले जात होते. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून पाहिला. आठ महिने तेच काम चालले आणि खर्च कमी आला. शेतकऱ्याला स्वतःच्या उसाचा आकडा हवा होता. तो मिळाला, म्हणून त्याने ते वापरले.

आता आपले व्हॉट्सॲप ग्रुप बघा. सकाळी सुविचार, दुपारी पुढाऱ्याचा वाढदिवस, संध्याकाळी कुठल्या तरी जुन्या गारपिटीचा व्हिडिओ. यात शेतकऱ्याच्या उपयोगाचे काय? आणि खात्री न करता पुढे ढकललेला मजकूर निव्वळ निरुपयोगी नसतो, तो जीवही घेतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसे ठार मारली. तेव्हा ज्याने पाठवले त्याला 'हे तू पाहिलेस का' असे ग्रुपवर सर्वांदेखत विचारायला लाजू नका.

भाव टाकायचा तर बाजार समिती, तारीख, मालाची प्रत, कापूस असेल तर ओलावा, आणि जास्तीत जास्त माल कोणत्या दराने गेला ते टाका. एखाद्या निवडक मालदांडीच्या ढिगाला लागलेला उच्चांकी दर टाकला, की तो वाचून शंभर जण पोती भरतात, आवक वाढते, भाव कोसळतो आणि व्यापारी हसतो. त्यापेक्षा माल विकून आलेल्याने आपल्या पट्टीचा फोटो टाकावा. नाव झाकले तरी चालेल, हमाली आणि तोलाई दिसू द्या. अशा वीस पट्ट्या गोळा झाल्या की कोण किती कापतो ते बाजार समितीच्या दारात उभे राहून दाखवता येते.

निरोप आवाजात बोलून पाठवा, वाचता न येणाऱ्यालाही कळतो. मात्र ग्रुपवर टाकले म्हणजे पोचले, असे धरू नका. पुष्कळ घरांत स्मार्टफोन एकच, तो पोराच्या खिशात; शेत आईच्या नावावर आणि तिला ग्रुपचा पत्ता नाही.

आणखी एक. दिल्लीच्या आंदोलनात किसान एकता मोर्चाचे फेसबुक पान 20 डिसेंबर 2020 रोजी काही तास बंद झाले. 1 फेब्रुवारी 2021 ला त्यांचे ट्विटर खाते भारतात रोखले गेले. त्याच दिवसांत सिंघू, गाझीपूर आणि टिकरीला इंटरनेटही बंद होते. पान आणि खाते परत मिळाले, कारण देशभर ओरड झाली. आपल्या तालुक्याच्या ग्रुपसाठी कोण ओरडणार? आणि आपल्याकडे सरकारचीही गरज नाही. ॲडमिन रुसला, पक्षात गेला किंवा त्याचा फोन विहिरीत पडला, तरी संघटना मुकी होते.

म्हणून प्रत्येक गावाने कागदाची वही ठेवायची. नाव, क्षेत्र, पीक, नंबर, आणि तो नंबर घरात कोणाकडे असतो ते लिहायचे. आधार, बँक खाते, ओटीपी यातले काहीही वहीत नको. ग्रुपला दोन ॲडमिन, त्यातली एक बाई. शिवाय ॲप भरता येणाऱ्या दोन पोरापोरींची नावे वहीच्या पहिल्या पानावर घ्या, ती रब्बी ज्वारीच्या पीक पाहणीला बांधावर येतील. न्हावरे, मांडवगण, पाटस आणि रावणगावच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीला वही भरून आणावी; मोबाईल नाही आणला तरी चालेल.