बाजरीवरचा गोसावी



‘काहीही बोल, पण कॉम्प्युटर नको,’ अशी संयोजकांनी अट घातली आहे. म्हणून केंदूरच्या सगळ्यांना समजेल असा विषय घेतला आहे, बाजरीचा.

गोसावी रोग आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पाने पिवळी पडतात, खालून पांढरी भुरी दिसते आणि कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका येतो, गोसाव्याच्या जटांसारखा. कोणी याला केवडाही म्हणतात.

1965 मध्ये एचबी-1 हा बाजरीचा पहिला संकरित वाण आला, पाठोपाठ एचबी-3. उत्पादन भराभर वाढले आणि 1970-71 मध्ये देशात सुमारे 80 लाख टन बाजरी पिकली. पण या वाणांची मादी एकच होती, अमेरिकेतल्या टिफ्टन गावाहून आलेली ‘टिफ्ट 23 ए’. गोसावीला तिच्याकडे फारसे उत्तर नव्हते. 1971 मध्ये साथ आली आणि एचबी-3 ची शेतेच्या शेते गेली. पुढे बीजे-104 आला, तोही काही वर्षे टिकला आणि 1980 च्या दशकात त्याच रोगाला बळी पडला.

असे का होते? झाडाकडे पहारेकरी असतात. रोगजंतू पेशीत जी प्रथिने सोडतो, त्यातले एखादे पहारेकऱ्याने ओळखले, की झाड तिथल्या आपल्याच पेशी मारून टाकते आणि रोग पुढे सरकत नाही. हॅरॉल्ड फ्लोर या शास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात जवस आणि त्यावरचा तांबेरा घेऊन दाखवले, की झाडाच्या प्रत्येक पहारेकरी जनुकासमोर रोगाचे एक जनुक असते. ते जनुक बदललेला एखादा जंतू निघाला, तर पहारेकरी त्याला ओळखत नाही. शिवारभर एकच वाण असेल, तर त्या एका जंतूला सगळे शिवार मोकळे होते. तो मुद्दाम काही शिकत नाही. बाकीचे मरतात, तो उरतो. गोसावीचे बीजाणू जमिनीत काही वर्षे जिवंत राहतात, म्हणून शेत एकदा बिघडले की पुढच्या पेरणीलाही धोका असतो.

झाडाच्या बाजूनेही डाव टाकता येतो. हरियाणाच्या एचएचबी-67 या वाणात डीएनएच्या खुणा तपासत प्रतिकारक जनुके संकराने आणली आणि 2005 मध्ये सुधारित वाण दिला. तरीही तो कायमचा आहे, असे कोणी समजू नये. ‘रोगप्रतिकारक’ या शब्दामागे ‘सध्या’ हा शब्द मनातल्या मनात जोडावा.

आपल्यातले जे आजही शेती करतात, त्यांना एवढेच सांगते. दरवर्षी तोच वाण, त्याच रानात पेरू नका. आलटून पालटून मूग-मटकीही घ्या. पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला 6 ग्रॅम मेटॅलॅक्झिल चोळा, पण नुसत्या औषधावर विसंबू नका. जंतू त्यालाही सरावू शकतो. गोसावी दिसला की झाड उपटून जाळा. आणि घरात जुने गावरान बियाणे असेल, तर मूठभर तरी दरवर्षी पेरून जिवंत ठेवा. पुढचा पहारेकरी कदाचित त्यातच सापडेल.