काळी माती आणि 'ऑल टेरेन' टायर

छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलेल्या माणसानें मोटारीच्या टायरांविषयीं बोलावें, हें आपणांस किंचित् चमत्कारिक वाटेल. मला मोटार हांकतां येत नाहीं. भवानी पेठेंतील माझ्या घरापुढें सायकलीखेरीज माझें असें दुसरें वाहन कधीं उभें राहिलें नाहीं. तरीहि हा विषय मीं मागून घेतला. कारण या विषयांत माझ्या हातून एकदां मोठी चूक झाली आहे. फळ्यावर चुकीचें उत्तर लिहिलें गेलें, तर तें पुसून त्या जागीं बरोबर उत्तर लिहिणें हें शिक्षकाचें कर्तव्यच होय. ती चूक कोणती, तें पुढें सांगेन. प्रथम विषय समजून घेऊं.

जमीन पाहून चाक करावें, हा विचार आपल्याकडे मोटारीच्या आधींपासून आहे. बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवीत असे. ती अरुंद असे. उथळ चिखल कापून ती खालच्या कठीण थरापर्यंत जाई व तेथें आधार घेई. परंतु खोल काळ्या रानांत हा आधार लागतच नसे, आणि मग गाडी आंसापर्यंत रुतून बसे. पुढें उसाच्या वाहतुकीकरितां रबरी टायरांच्या बैलगाड्या आल्या. रुंद टायर मातीवर पसरून राहतो, त्यामुळें तो सहसा रुतत नाहीं. पण ओल्या उतारावर तोच टायर घसरतो. तात्पर्य, चाकाचा एके ठिकाणचा गुण तोच दुसऱ्या ठिकाणचा दोष ठरतो. हें एक सूत्र ध्यानांत ठेविलें, म्हणजे पुढील सर्व गोष्टी सोप्या होतात.

दुसऱ्या महायुद्धांत जीप गाडीचें नांव जगभर झालें. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीज जीपांची जुळणी सुरू केली, आणि थोड्याच वर्षांत हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत घरचा झाला. आज त्याच घराण्यांतील 'थार' गाडी नाशिकला तयार होते. या गाड्यांच्या चारी चाकांना इंजिनाची ओढ मिळूं शकते. बाजारांत यालाच 'फोर बाय फोर' म्हणतात. ही सोय मोठी आहे, यांत शंका नाहीं. पण तिच्याविषयीं एक भ्रम फार पसरलेला आहे. चारी चाकांची ओढ गाडीस निघण्याच्या व चढण्याच्या कामीं येते. सपाट्यानें चाललेली गाडी थांबविण्याच्या कामीं ती येत नाहीं. ब्रेक तर साध्या मोटारीलाहि चारी चाकांना असतात. इंजिन कितीहि बलवान् असलें, तरी गाडीचा व पृथ्वीचा स्पर्श चारच ठिकाणीं होतो, आणि त्यांपैकीं एकहि ठिकाण मुलांच्या पाटीपेक्षां मोठें नसतें. गाडींतील माणसांचा जीव या चार पाट्यांवर अवलंबून असतो.

या गाड्यांना लावण्याचे टायर मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला डांबरी सडकेचा. त्याची नक्षी बारीक व दाट, खांचा उथळ. तो आवाज करीत नाहीं, ओल्या सडकेवर चांगला थांबतो, पण चिखलांत निरुपयोगी ठरतो. दुसरा चिखलाचा. त्याचे रबरी ठोकळे मोठे व एकमेकांपासून दूर असतात, म्हणजे मधला चिखल चाक फिरतांना बाहेर फेंकला जावा. मात्र सडकेवर तो भुंग्यासारखा गुणगुणतो आणि लवकर झिजतो. तिसरा 'ऑल टेरेन', म्हणजे शब्दशः सर्व प्रकारच्या भूमीस चालणारा. हा पहिल्या दोघांमधील तडजोड आहे. त्याच्या खांचा नवेपणीं साधारणतः १० ते १४ मिलिमीटर खोल असतात, तर सडकेच्या टायरांच्या ७ ते ९. त्याचे ठोकळे खांद्यापर्यंत, म्हणजे टायरच्या बाजूपर्यंत, उतरलेले असतात. पुष्कळांच्या कडाहि जाड असतात. खडी, मुरूम, वाळू, दगडगोट्यांचा चढ, या ठिकाणीं तो खरोखरच उत्तम काम देतो. डांबरी सडकेवर तो चालतो, पण थोडें अधिक इंधन खातो, थोडा अधिक आवाज करतो, आणि ओल्या सडकेवर थांबावयास साधारणतः सडकेच्या टायरापेक्षां अधिक अंतर घेतो. 'सर्व भूमि' या शब्दांचा अर्थ 'सर्व ठिकाणीं पहिला नंबर' असा नाहीं. 'सर्व विषयांत उत्तीर्ण' एवढाच आहे.

आणि एक विषय असा आहे कीं, ज्यांत तो जेमतेम उत्तीर्ण होतो. तो म्हणजे आपली काळी माती. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या मातींत पिकते, तिचे कण अत्यंत सूक्ष्म असतात. पाणी प्यालें कीं ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. ओली झाल्यावर ती लोण्यासारखी निसरडी व डिंकासारखी चिकट होते. दोन फेऱ्यांतच ती ऑल टेरेन टायरच्या खांचांत गच्च भरते, आणि मग बाहेरून पाहावें तों चाकाला नक्षीच उरत नाहीं; मातीचा एक गुळगुळीत गोळा फिरत असतो. खांचा जितक्या खोल व रुंद, तितकी माती झटकून टाकण्याची आशा अधिक. टायर झिजला, म्हणजे पहिल्यानें हीच आशा नष्ट होते.

आतां झिजेविषयीं. टायरची झीज ही मुलाच्या वहीसारखी असते. नीट वाचली, तर मालकाचा सगळा अभ्यास कळतो. दोन्ही कडा झिजल्या व मध्य शाबूत राहिला, तर हवा कमी ठेविली जाते. मध्य झिजला व कडा राहिल्या, तर हवा अधिक भरली जाते. एकच कड झिजली, तर चाकांची सरळ रेषा बिघडली आहे. जागोजागीं खळगे पडले, तर शॉक अॅब्झॉर्बर थकले असावेत. ऑल टेरेन टायरची स्वतःची अशी एक खोड आहे. त्याच्या ठोकळ्याची एक कड आधीं व दुसरी मागाहून झिजते, आणि हात फिरविला असतां करवतीचे दांते लागल्यासारखें वाटतें. मग आवाज वाढतो. यावर उपाय म्हणजे दर ८ ते १० हजार किलोमीटरांनीं चाकें पुढचीं मागें व मागचीं पुढें अशीं बदलणें. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर खांचांत अडकलेले खडे काढावेत. राहिलेला खडा रबरांत हळूहळू भोंक पाडीत जातो.

हवेची गोष्ट विशेष महत्त्वाची. सडकेवर ३२ ते ३५ पौंड हवा असेल, तर वाळूंत किंवा मऊ मातींत ती २० च्या आसपास उतरविली असतां टायर लांबट पसरतो व पकड वाढते. परंतु हें अगदीं हळू चालण्यापुरतें. सडकेला लागतांच हवा पुन्हां भरली पाहिजे. कमी हवेचा टायर वेगांत वारंवार दबतो, त्यामुळें आंतून तापतो; आणि सोलापूरच्या वैशाखांत सडक आधींच तव्यासारखी तापलेली असते. मग टायर फुटावयास निराळें कारण लागत नाहीं.

चारी टायर सारखेच झिजलेले असावेत, हेंहि फोर बाय फोरच्या मालकानें विसरूं नये. येथें थोडें अंकगणित करूं. नव्या टायरचा व्यास ७८ सेंटिमीटर धरला, तर परिघ सुमारें २४५ सेंटिमीटर येतो. तोच टायर ८ मिलिमीटर झिजला, म्हणजे परिघ सुमारें २४० होतो. एका किलोमीटरांत नवें चाक ४०८ फेरे घेईल, तर जुनें सुमारें ४१७. पुढें नवीन टायर व मागें जुने लावून चारी चाकें एकत्र जोडलीं, तर हा फरक दांत्यांना व आंसांना ताणीत राहतो. याच कारणासाठीं, ज्या गाडींत पुढील व मागील आंसांमधला फरक पोटांत घेणारी सोय नाहीं, ती कोरड्या डांबरी सडकेवर चारी चाकांच्या ओढीनें चालवूं नये. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठ्या वर्तुळांतून जातात, आणि तो हिशेब शेवटीं रबर झिजवून पुरा करावा लागतो.

अंकगणिताची गोष्ट निघाली, तेव्हां आतां माझी चूक सांगतों.

मंगळवेढा तालुक्यांतील ज्या गांवीं मीं पुष्कळ वर्षें काढलीं, तेथें निवृत्तीनंतरहि वर्षांतून दोन-तीनदां जातों. तेथील माझा एक जुना विद्यार्थी शेती करतो व एक फोर बाय फोर जीप बाळगून आहे. पावसाळ्यांत वस्त्यांवरील आजारी माणसांना सडकेपर्यंत आणण्याचें काम त्यानें आपखुशीनें अंगावर घेतलें आहे. २०२० च्या सप्टेंबरांत त्यानें मला विचारलें, "गुरुजी, टायर बदलूं कां? पैशाची ओढाताण आहे." खेड्यांत शिक्षकाला सर्वच विचारतात, आणि शिक्षकहि सर्वच सांगतो! मीं मुलाच्या दप्तरांतली पट्टी मागविली. खांच ४ मिलिमीटर भरली. नवा टायर १२ मिलिमीटरांचा होता. गाडी त्यावर ४० हजार किलोमीटर चालली होती. म्हणजे एका मिलिमीटरास ५ हजार. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें अशा गाडीस निदान १.६ मिलिमीटर खांच पाहिजे. उरले २.४, त्याचे १२ हजार किलोमीटर. मीं म्हणालों, "अजून वर्ष निघेल." तो समाधानानें गेला.

ऑक्टोबरांत आपल्या जिल्ह्यांत अतिवृष्टि झाली, ती आपणांस स्मरत असेल. त्या रात्रीं मी त्याच गांवीं होतों. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एक मुलगी अडली होती. तिची आईहि माझ्याच शाळेंत शिकलेली. जीप गेली, तिला घेऊन निघाली, आणि पाणंदीच्या उतारावर चारी चाकें फिरत असतांनाच आडवी घसरूं लागली. ब्रेक दाबला, तरी ती घसरतच राहिली. एका बाभळीला मागची बाजू अडली, म्हणून ती ओढ्यांत गेली नाहीं. विजेरीच्या उजेडांत मीं चाकाकडे पाहिलें. नक्षीचा पत्ता नव्हता. काळा, तुळतुळीत गोळा होता. शेवटीं एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत गवत घालून, वर ताडपत्री धरून, आम्हीं तिला सडकेपर्यंत नेलें. दीड तास गेला. ती सुखरूप सुटली. मुलगी झाली, व ती आतां शाळेंत जाऊं लागली आहे. पण त्या दीड तासांतील प्रत्येक मिनिट माझ्या नांवावर लिहिलेलें आहे.

माझा गुणाकार बरोबर होता, भागाकार बरोबर होता. उत्तर मात्र चूक होतें. मीं सर्व मिलिमीटर सारखे धरले. टायरचे पहिले मिलिमीटर चिखलासाठीं असतात, शेवटचे केवळ सडकेसाठीं. कायद्याचा आंकडा ही सडकेवरील शेवटची मर्यादा आहे. काळ्या मातीची मर्यादा त्याच्या फार आधीं येते. ऑल टेरेन टायर निम्मा झिजला, म्हणजे तो नांवानेंच ऑल टेरेन राहतो. एरवीं तो सडकेचा टायर झालेला असतो.

त्या दिवाळीनंतर त्यानें चारी टायर बदलले. माझ्या निवृत्तिवेतनांतून मीं हातभार लावूं पाहिला; तो त्यानें मोठ्या मिनतवारीनें घेतला. पुढील पावसाळ्यांत नव्या टायरांनीं, हवा उतरवून, तोच उतार अनेकदां बिनतक्रार पार केला. तरीहि दोन दिवस झड लागली, म्हणजे तो जीप सडकेलाच उभी ठेवतो व ट्रॅक्टर मागवितो. माघार केव्हां घ्यावी हें कळणें, हाहि गाडी हांकण्याचाच भाग आहे, असें तो म्हणतो. विद्यार्थी शिक्षकाच्या पुढें गेला, याचें मला समाधान आहे.

तेव्हां, श्रोतेहो, ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत, त्यांनीं रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीं एकदां पट्टी घेऊन बसावें. पांचहि चाकांच्या खांचा मापाव्या. पांचवी स्टेपनी विसरूं नये, कारण मागें टांगून उन्हांत ती न झिजतांच म्हातारी होते. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. २३१९ असेल, तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तो तयार झाला असें समजावें. भेगा दिसल्या, तर खोली पाहून फसूं नये. आणि ज्याची गाडी जन्मभर सोलापूर-पुणें सडकेवरच धांवणार आहे, त्यानें केवळ ऐटीसाठीं जाड ठोकळ्यांचे टायर घेऊं नयेत; पावसांत थांबण्याचें अंतर तो विनाकारण वाढवून घेतो.

टायर विकत घेतांना दुकानदारास किंमत विचारण्याआधीं स्वतःस एवढेंच विचारावें, कीं माझी गाडी कोणत्या मातीवर चालणार आहे? हा प्रश्न मीं त्या वेळीं माझ्या विद्यार्थ्यास विचारला नाहीं. आपण तो विचारावा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.